किती आहे आणि कुणाचं आहे: नैसर्गिक संसाधनांचा पेपर शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात नुकत्याच रुजू झालेल्या एका सहायक प्राध्यापकांकडे एम.एस्सी. पहिल्या वर्षाचा ‘नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन’ हा चार क्रेडिटचा पेपर आला आहे. पाणी, माती, वनं, खनिजं, ऊर्जा, जैवविविधता अशी एकेक युनिटं आहेत. मुलं व्याख्या पाठ करून गुण मिळवतात, पण स्वतःच्या गावातल्या विहिरीबद्दल विचारलं की गप्प होतात. सहलीला पैसे नाहीत, उपकरणं नाहीत. हा पेपर मुलांच्या खरोखर उपयोगी पडेल असा कसा शिकवायचा?

सविस्तर लिहिते. मी मूळची भूजलाची. हा विषय पदवीच्या आणि पदव्युत्तर अशा दोन्ही वर्गांना बरीच वर्षं शिकवते आहे, त्यामुळे उत्तरात पाणी जास्त येईल. पण जे सांगणार आहे ते जंगलाला, गायरानालाही लागू पडतं.

कोणत्याही संसाधनाबद्दल दोन प्रश्न असतात: ते किती आहे, आणि ते कुणाचं आहे. आपल्याकडे विज्ञान शाखेत पहिला शिकवतात, समाजशास्त्रात आणि कायद्यात दुसरा. एम.एस्सी. झालेला मुलगा भूजल पुनर्भरणाचं, म्हणजे जमिनीत पाणी मुरण्याचं, सूत्र घडाघडा म्हणतो, पण विहीर ज्याच्या शेतात आहे त्याने किती उपसा करावा हे कुणी ठरवू शकतं का, हे त्याला ठाऊक नसतं. समाजकार्याची पदवी घेतलेली मुलगी वनहक्क कायद्याची कलमं सांगते, पण त्या जंगलातून वर्षाला किती बांबू काढला तर बेटं टिकतील याचा हिशेब तिच्याकडून कुणी करून घेतलेला नसतो. हीच मुलं पुढे पाणलोटाच्या, ग्रामपंचायतीच्या, संस्थांच्या कामाला लागतात आणि अर्ध्यावर अडतात. म्हणून माझा आग्रह असतो की दोन्ही प्रश्न एकाच वर्गात, एकाच जागेबद्दल, एकापाठोपाठ विचारायचे. अभ्यासक्रम बदलण्याची त्यासाठी गरज नाही. युनिटांचा क्रम कागदावर तसाच राहू द्या. एक गाव निवडा आणि सबंध सत्र त्या गावावरून चालवा.

गाव निवडताना एक पथ्य पाळा. सुरुवातीलाच हिवरे बाजारला किंवा राळेगणसिद्धीला नेऊ नका. ही गावं बघायची, पण सत्राच्या शेवटी. तिथे काम होऊन गेलेलं आहे, सांगणाऱ्याला उत्तरं पाठ आहेत आणि आपली मुलं ती वहीत उतरवून घेतात. ज्या गावात काहीच ठरलेलं नाही, भांडण चालू आहे, टँकर येतो, तिथे मुलांना स्वतः शोधावं लागतं. वर्गातल्याच कुणाचं तरी गाव असेल तर फारच उत्तम. एसटीने तासाभरात पोचता यावं, कालव्याचं पाणी नसावं (कालवा आला की हिशेब पहिल्याच सत्रात हाताबाहेर जातो) आणि शिवार फार मोठं नसावं.

पहिल्या आठवड्यात फळ्यावर करायचं गणित असं. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एवढं एक वाक्य अंगवळणी पडलं की निम्मा पेपर सोपा होतो. एका हेक्टरवर तोच १ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर. आता गाव धरा १००० हेक्टरचं, पाऊस ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या पर्जन्यछायेतलं साधारण गाव. वर्षाला पडणारं पाणी झालं ५० लाख घनमीटर. लोकसंख्या २०००, माणशी दिवसाला ५५ लिटर, हा जलजीवन मिशनचा निकष. वर्षाचं घरगुती पाणी होतं सुमारे ४० हजार घनमीटर. म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या एक टक्काही नाही.

इथे थांबा आणि विचारा, मग टँकर का येतो?

या प्रश्नावर एक अख्खा तास द्या. घाई करून उत्तर सांगू नका. मुलं आधी ‘पाऊस कमी पडतो’ म्हणतात, आणि ते चुकीचं आहे हे त्यांनी स्वतःच फळ्यावर मांडलेलं असतं. मग कुणीतरी पिकांकडे येतं. उसाला साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं. त्यातला पावसाचा वाटा वजा करायला लावा. राहिलेला हिशेब केला की दिसतं, अडीच-पावणेतीन हेक्टर ऊस जेवढं पाणी घेतो तेवढ्यात गावाचं वर्षभराचं घरगुती पाणी भागतं. शेजारी बाजरीचा आकडा मांडा, साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. ती बरीचशी पावसावरच निघते.

पण गणित इथे सोडलं तर मुलं एवढंच शिकतात की शेतकरी पाणी उधळतो. ते खरंही नाही आणि न्यायाचंही नाही. लगेच दुसरा प्रश्न घ्या. उसाला रास्त आणि किफायतशीर दर ठरलेला असतो, कारखान्याची तोडणी टोळी शेतात येते, पैसे कधी उशिरा का होईना पण मिळतात. बाजरीला, तुरीला अशी खरेदीची हमी कुठे आहे? शेतकऱ्याच्या घरची जी मुलं तोवर गप्प असतात ती या तासाला बोलू लागतात, कारण हा हिशेब त्यांनी घरात ऐकलेला असतो.

मग जमिनीखाली जायचं. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग दख्खनच्या बेसाल्टवर आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगांमध्ये. खालचा काळा पाषाण जवळजवळ कोरडा असतो. झिजलेल्या बेसाल्टची पाणी सोडण्याची क्षमता घनफळाच्या साधारण दोन टक्के धरतात. दोन टक्के म्हणजे किती कमी, हे मुलांना आकड्याने कळत नाही. विहिरीच्या पातळीने कळतं. पावसाळ्याआधी आणि नंतर विहिरींची पातळी सरासरी ३ मीटर वर आली, तर १००० हेक्टरखाली भरलेलं पाणी होतं ६ लाख घनमीटर. पडलं होतं ५० लाख. बाकीचं कुठे गेलं? बाष्पीभवन, मातीतली ओल, पिकं, ओढ्याने वाहून गेलेलं. ढोबळ हिशेब आहे, सगळं शिवार काही एकाच जलधराचं (पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराचं) नसतं, पण पुस्तकातला जलचक्राचा बाणांचा तक्ता पहिल्यांदा इथे जिवंत होतो. आणि टँकरचं उत्तरही इथेच निम्मं मिळतं. पाणी चार महिन्यांत येतं, खडक ते थोडंच धरून ठेवतो, आणि जेवढं धरतो त्यावर जानेवारीपासून मोटारी लागलेल्या असतात.

विहीर मोजायला काहीही विकत आणावं लागत नाही. दोरी, टोकाला लोखंडी वजन आणि सुताराची टेप. प्रत्येक गटाला पाच-सहा विहिरी वाटून द्या आणि दर पंधरा दिवसांनी त्याच विहिरी मोजायला लावा. बारकावे मात्र पहिल्याच दिवशी शिकवा, कारण आकडा चुकतो तो इथेच. मोजणी कठड्याच्या कुठल्या बिंदूपासून घेतली तिथे रंगाची खूण करायची. कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते एकदा मोजून लिहायचं आणि दर वेळी वजा करायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोटार कधी बंद झाली ते विचारायचं. या आठवड्यात लाइट दिवसाची आहे की रात्रीची, हे वहीत नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. रात्रभर उपसलेल्या विहिरीत सकाळी सात वाजता दोरी सोडली तर दिसते ती उपशाची पातळी. तीच विहीर दुपारी वेगळं बोलते.

पाणी पुन्हा चढायला जो वेळ लागतो त्याचाच पुढे धडा करता येतो. मोटार बंद झाल्यावर दर दहा मिनिटांनी पातळी मोजत बसायचं, पाणी कसं चढतं ते आलेखावर मांडायचं. एखादी विहीर दोन तासांत भरते, दुसरी संध्याकाळपर्यंत भरत नाही, आणि दोन्हींमध्ये अंतर असतं शंभर पावलांचं. मुलांनी विचारलं पाहिजे की का. तेव्हा विहिरीच्या मालकाला बोलावून खोदताना काय काय लागलं ते सांगायला लावा. ते परसात (परस म्हणजे पुरुषभर खोलीचं माप) सांगतील, पहिल्या परसाला माती, मग मुरूम, चौथ्या परसाला लाल गेरूचा पट्टा, त्याखाली पाषाण, झरा कुठल्या अंगाने आला. खोदकाम केलेल्या माणसाला ही माहिती जन्मभर आठवते. मुलांनी परसाचे मीटर करून सगळ्या विहिरींचे छेद एका कागदावर शेजारी शेजारी काढले की गावाचा भूगर्भ समोर येतो. नाला खोलीकरणाच्या कामांवर भूजलशास्त्रज्ञ आक्षेप का घेतात, हेही याच कागदावर दाखवता येतं. मुरमाचा थर कापून पोकलेन पाषाणात गेला की साठवणारा थरच उघडा पडतो.

आता दुसरा प्रश्न. ही विहीर कुणाची? सातबारा काढायला लावा, मोबाइलवर निघतो. त्यावर विहिरीची नोंद आहे का, ई-पीक पाहणीत कोणतं पीक लागलं आहे, प्रत्यक्ष शेतात काय उभं आहे, हे तिन्ही ताडून बघा. फरक सापडतोच. मग कायद्याकडे या. आपल्याकडे जमिनीखालचं पाणी जमीनमालकाने हवं तेवढं उपसावं ही समजूत १८८२च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आली आहे. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९चा, तो लागू झाला २०१४मध्ये. ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर त्यात निर्बंध आहेत. हे वाचून दाखवलं की मुलं आपणहून सांगतात, आमच्या गावात चारशे फूट गेल्याशिवाय बोअरला पाणी लागतच नाही. कायद्यातलं अंतर आणि शिवारातलं वास्तव यांच्यामधली ही दरी हाच तर या पेपरचा विषय आहे. तिच्यावर चर्चा घ्या, निकाल देऊ नका.

इथे पाणी पंचायत शिकवली पाहिजे, आणि नीट शिकवली पाहिजे. विलासराव साळुंखे यांनी १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला हे काम उभं केलं. अभ्यासक्रमात ते एखाद्या ओळीत येतं आणि ‘लोकसहभाग’ या शब्दावर संपतं. त्यातली खरी गोष्ट नियमांमध्ये आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसांच्या प्रमाणात मिळणार, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, म्हणून जमीन विकली तरी तो विकता येत नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. एकेक नियम फळ्यावर लिहा आणि विचारा, हा नियम काढून टाकला तर पाच वर्षांत काय होईल? ऊसबंदी काढली तर? भूमिहीनांचा वाटा काढला तर? मुलांनी आधी केलेलं ५० लाख घनमीटरचं गणित आता हाताशी असतं, त्यामुळे उत्तरं हवेत राहत नाहीत. माझ्या अनुभवात सत्रातला हा सगळ्यात कसदार भाग ठरतो.

हिवरे बाजार यानंतर दाखवा. तिथे सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी लावायची नाही आणि पावसाच्या आकड्यावर त्या वर्षीची पिकं ग्रामसभेत ठरवायची, हे का ठरलं ते मुलांना आता सांगावं लागत नाही. डोंगरावरचे चर, चराईबंदी हेही बघतीलच. पण तोवर त्यांना कळलेलं असतं की चर खोदल्याने पाणी आलं, आणि उपशावर बंधन घातल्याने ते टिकलं.

मोठ्या खोऱ्यासाठी मी वर्गात भूमिका वाटून जायकवाडीची सुनावणी घेते. पार्श्वभूमी अशी. गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिक-अहिल्यानगरची धरणं, खाली मराठवाड्याचं जायकवाडी. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५चा. समन्यायी वाटप त्यातच आहे. या धरणांतलं पाणी कसं वाटायचं यावर मेंढेगिरी समितीचा अहवाल २०१३मध्ये आला, प्राधिकरणाचा आदेश २०१४मध्ये. त्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३च्या पावसाने ओढ दिली तेव्हा साडेआठ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता. वर्गाचे गट करा: नाशिकचे द्राक्ष बागायतदार, नगरकडचे ऊस उत्पादक, मराठवाड्याचे लाभधारक शेतकरी, छत्रपती संभाजीनगरची महापालिका, औद्योगिक वसाहत, आणि दोघं-तिघं प्राधिकरणाचे सदस्य. एक नियम काटेकोर पाळा. नाशिकच्या मुलाने मराठवाड्याची बाजू मांडायची, बीडच्या मुलीने नाशिकची. आणि प्रत्येक युक्तिवादाला आकडा हवा. १ टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर, तेवढ्यात किती माणसांचं पिणं, किती हेक्टर ज्वारी, किती हेक्टर ऊस. नदीतून खाली येताना वाटेत किती पाणी मुरणार आणि उडणार, याचाही विचार बाजू मांडताना करावा लागतो. आवाज चढतात, चढू द्या. वर्तमानपत्रातली बातमी वाचून जो राग येतो त्याला इथे हिशेबाची जोड मिळते.

वनांच्या युनिटला सुरुवात आकडे वाचण्यापासून करा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१च्या अहवालात महाराष्ट्राचं वनाच्छादन ५०,७९८ चौरस किलोमीटर आहे, राज्याच्या क्षेत्रफळाच्या साडेसोळा टक्के. नोंदलेलं वनक्षेत्र मात्र ६१ हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. दोन्ही आकडे सरकारीच, मग फरक कसला? वनाच्छादन उपग्रहाच्या चित्रावरून मोजतात. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा, झाडांच्या छत्राची घनता दहा टक्क्यांच्या वर, की तो वनाच्छादनात आला, मालकी कुणाचीही असो. त्यामुळे रत्नागिरीतली हापूसची बाग आणि काजूची लागवडही त्यात येऊ शकते. उलट पुरंदर-बारामतीकडचं माळरान, जिथे लांडगा आणि चिंकारा राहतात, धनगरांची मेंढरं चरतात, ते त्यात दिसतही नाही. याचा परिणाम कागदावर राहत नाही. माळावर खड्डे खणून झाडं लावली जातात, गवत जातं आणि त्याबरोबर मेंढपाळाची चराईही. ‘किती’ कसं मोजलं यावर ‘कुणाचं’ ठरतं, याचं याहून थेट उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर गॅरेट हार्डिन. १९६८च्या त्याच्या लेखातलं सामायिक कुरण सगळ्या अभ्यासक्रमांत आहे. प्रत्येक जण एक जनावर जास्त सोडतो आणि कुरण संपतं. तेवढं शिकवून थांबू नका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते नेमकं याचं दुसरं अंग दाखवल्याबद्दल, की लोक नियम करून सामायिक संसाधन पिढ्यान्‌पिढ्या टिकवतात. त्यांची उदाहरणं स्वित्झर्लंडची आणि जपानची. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा खोऱ्यातली फड पद्धत घ्या. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात एकच पीक, पाणी देणारा पाटकरी सगळ्यांनी मिळून नेमलेला. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे टंचाई आपोआप सगळ्यांत वाटली जाते. असा नियम कुणी, का शोधला असेल, हे मुलांना मांडायला लावा.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्ही शिकवालच. २००९मध्ये तिथल्या ग्रामसभेला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार हाती यायला २०११ उजाडलं. दोन वर्षं हक्क होता पण बांबू गावाबाहेर काढता येत नव्हता. कायदा पुस्तकात असणं आणि ट्रक नाक्यावरून सुटणं यातलं अंतर यातून समजतं. सोबत चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव घ्या, कारण त्यातला निर्णय वर्गाला विचारात पाडतो. त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणं थांबवलं. तेंदूला रोख पैसा चांगला मिळतो, तरीही. कारण पानासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि फळ ना माणसाला उरतं ना पाखराला. उत्पन्न बांबूवर घ्यायचं ठरलं. मग बांबूचा हिशेब आलाच. मानवेलीच्या बेटात यंदाचा कोवळा बांबू तोडायचा नाही, ठरावीक जुने राखायचे, तोडणीचा फेरा काही वर्षांनी लावायचा. जंगल जवळ नसलं तरी विद्यापीठाच्या आवारात एखादं बांबूचं बेट सापडतं. नवे, दोन वर्षांचे आणि जुने बांबू ओळखून मोजायला लावा, किती काढता येतील ते सांगायला लावा.

तुमचं विद्यापीठ विदर्भात असेल तर विहिरीऐवजी मालगुजारी तलाव (मालगुजारांच्या काळातले जुने गावतलाव) घ्या आणि जोडीला निस्तारपत्रक (गावाच्या सामायिक वापरहक्कांची नोंद) वाचा. गोव्यात असाल तर खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा, बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) घ्या, आणि कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमीनसंस्थेची) व्यवस्था ढिली पडल्यावर बांध कोण दुरुस्त करतं ते विचारा. खनिजं आणि ऊर्जा या युनिटांवर मी कमी वेळ घालवते. ऊर्जेसाठी एका घरात दिवसभराचं सरपण तराजूने तोलायचं आणि ते कुणी, किती दुरून आणलं ते विचारायचं, एवढं पुरतं. खनिजांसाठी दगडखाणीची परवानगी, स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि प्रत्यक्ष खड्डा. वाळूच्या घाटावर मुलांना नेऊ नका. तिथे धोका खरा आहे, आणि मुलांची जबाबदारी तुमच्यावर आहे.

पैशांचं आणि वेळेचं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि सीईपीची (कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्रॅमची) क्रेडिटं आली आहेत. बहुतेक विभागांत ती कशी भरायची हा प्रश्न असतो. हे गावाचं काम त्यात बसवा, म्हणजे वेळापत्रकातच अर्धा दिवस अधिकृत मिळतो. एसटीचा पास, दोरी, टेप, वही याहून खर्च नाही. पावसासाठी सरळ कडांची बाटली आणि पट्टी चालते. महावेध या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या जाळ्यातला महसूल मंडळाचा आकडा शेजारी ठेवा. मंडळाचं केंद्र दूर असलं की दोन आकड्यांत किती फरक पडतो हे मुलं बघतात, आणि पीकविम्याची भांडणं कशावरून होतात हेही त्यांना कळतं. गावात जाण्याआधी सरपंचांना विभागाच्या पत्रासह भेटा. मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवा, नाहीतर त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. कठडा नसलेली विहीर मोजायची नाही, एकट्याने कधीच मोजायची नाही.

भाषेचं स्पष्ट सांगते. परीक्षा इंग्रजीत असली तरी क्षेत्रवही मराठीत लिहू द्या. शेतकऱ्याने सांगितलेलं इंग्रजीत उतरवताना मुलं निम्मं गाळतात आणि राहिलेलं पुस्तकी करतात. गप्प बसणारी मुलंही मराठीत बोलायला लागली की त्यांना किती माहीत आहे ते दिसतं, आणि वर्गातला मान बदलतो.

अंतर्गत गुणांपैकी निम्मे मी क्षेत्रवहीला देते. त्यात खाडाखोड असलेली वही मला चालते, स्वच्छ उतरवून काढलेली चालत नाही. तोंडी परीक्षा विहिरीवरच घेते. आकडा दाखवायचा आणि विचारायचं, हा कसा मोजलास, हा चुकीचा असेल तर कशामुळे असेल? हल्ली नेटवरून किंवा एआयकडून लिहून घेतलेल्या असाइनमेंटची तक्रार सगळे करतात. गट क्रमांक ११२मधल्या विहिरीची फेब्रुवारीतली पातळी कुठेच लिहिलेली नसते, ती जाऊनच आणावी लागते. लेखी प्रश्नही तसाच काढा. ‘जलसंधारणाच्या पद्धती लिहा’ याऐवजी गावाचा पाऊस, पिकं, विहिरींच्या पातळ्या द्या आणि विचारा, येत्या रब्बीत किती हेक्टर हरभरा घेता येईल, आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा असावा?

शेवटी गावाला त्याचे आकडे परत द्यायचे असतात. हे सोडू नका. गावाने दिलेली माहिती घेऊन आपण अहवाल ग्रंथालयात ठेवला, असं पुन्हा पुन्हा झालं की पुढच्या वर्षी विहिरीवर कुणी उभं करत नाही. ग्रामसभेची तारीख बघून मुलांनीच मराठीत, मोठ्या कागदावर आलेख काढून मांडावं. कुणाच्या विहिरीला नाव देऊ नका, क्रमांक द्या. लोक प्रश्न विचारतील, आकड्यावर हरकत घेतील, तीही वहीत नोंदवायची.

तुमचा पेपर जुलैत सुरू होत असेल तर पहिल्या आठवड्यात पाऊस मोजायला बाटली लावा आणि विहिरींना खुणा करून घ्या. ऑक्टोबरची पातळी चुकवू नका, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची मोजणीही त्या महिन्यात असते, ताडून बघता येते. जानेवारीत सुरू होत असेल तर पाऊस हाती लागणार नाही, पण पातळी उतरताना दिसेल, आणि मार्चअखेरीस कोण बोअर घ्यायला निघालं आहे तेही. तेव्हा तलाठी कार्यालयातून गावनकाशा आधी मिळवा. त्याला वेळ लागतो.